वाहनांचे सुरक्षा रिकॉल : दोष लक्षात येण्यापासून भाग बदलला जाईपर्यंत

अनुवीक्षक

मोटार कंपनीने काही लाख गाड्या रिकॉल केल्याची, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी परत बोलावल्याची, बातमी आली की चर्चा बहुधा त्या कंपनीच्या नीतिमत्तेभोवती फिरते. काहींना तो निष्काळजीपणाचा कबुलीजबाब वाटतो, तर काहींना प्रामाणिकपणाचा दाखला. मला अधिक महत्त्वाचे वाटतात ते दोन कालावधी. दोष कोणाच्या तरी प्रथम लक्षात आला तेव्हापासून रिकॉल जाहीर होईपर्यंतचा काळ हा पहिला, आणि जाहीर झाल्यापासून शेवटच्या गाडीतला सदोष भाग निघेपर्यंतचा काळ हा दुसरा. रिकॉलच्या इतिहासातले बहुतेक मृत्यू या दोहोंपैकी एकात झालेले आहेत, आणि तरीही आपण बोलतो ते बातमीच्या त्या एका दिवसाबद्दल.

पहिल्या कालावधीसाठी जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचे प्रकरण बारकाईने वाचण्यासारखे आहे. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्यांच्या जोडीच्या काही गाड्यांमध्ये किल्ली फिरवण्याच्या स्विचमधली लहानशी स्प्रिंग आवश्यकतेपेक्षा दुबळी होती. किल्लीला जड जुडगा अडकवलेला असला, चालकाचा गुडघा लागला किंवा गाडी खड्ड्यात आदळली, तर किल्ली चालू स्थितीतून मागे सरकत असे. त्यासरशी इंजिन बंद पडे, स्टेअरिंगला आणि ब्रेकला मिळणारी शक्तीची जोड जाई, आणि सर्वांत घातक म्हणजे त्यानंतर धडक झाली तर एअरबॅग उघडत नसे. चालती गाडी अचानक बंद पडते, अशा तक्रारी कंपनीकडे सुरुवातीपासून येत होत्या. त्या ग्राहकांच्या गैरसोयीच्या सदरात गेल्या, कारण इंजिन बंद पडले तरी जोर लावून स्टेअरिंग फिरवता येते आणि गाडी कडेला घेता येते, असे गृहीत धरले गेले. दुसरीकडे, एअरबॅग न उघडलेल्या अपघातांचा तपास कंपनीतच चालू होता. पण स्विच मागे सरकला की एअरबॅगही निकामी होते, हा दुवा तपास करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे जोडला नाही.

या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. २००६ मध्ये स्विचची रचना गुपचूप सुधारली गेली, अधिक ताकदीची स्प्रिंग बसवली गेली, परंतु सुट्या भागाचा क्रमांक जुनाच ठेवला गेला. त्यामुळे पुढे जो कोणी नोंदी तपासेल त्याला जुना आणि नवा स्विच एकच दिसणार होता. हा फरक उघडकीस आला तो एका मृत तरुणीच्या कुटुंबाने लढवलेल्या खटल्यात, त्यांच्या बाजूच्या अभियंत्याने दोन्ही स्विच प्रत्यक्ष उघडून शेजारी शेजारी ठेवले तेव्हा. रिकॉल सुरू झाले २०१४ च्या फेब्रुवारीत. पुढे त्यात सुमारे २६ लाख गाड्या आल्या, आणि कंपनीनेच स्थापन केलेल्या नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

दुसऱ्या कालावधीचे उदाहरण टकाटाच्या एअरबॅगचे. एअरबॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमध्ये या जपानी कंपनीने अमोनियम नायट्रेट वापरले, आणि बऱ्याच प्रकारांत ओलावा शोषून घेणारा पदार्थ घातलाच नाही. अमोनियम नायट्रेटच्या स्फटिकांची रचना सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते आणि त्याबरोबर त्यांचे आकारमानही. दमट हवेत, रोजच्या उष्ण-थंड चक्रात वर्षे गेली की त्याच्या वड्यांचा भुगा होऊ लागतो. भुग्याचा पृष्ठभाग वडीपेक्षा पुष्कळ मोठा असल्यामुळे तो ठरवलेल्या वेगापेक्षा फार जलद जळतो, आतला दाब धातूच्या डबीला पेलवत नाही, आणि जीव वाचवण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेतून धातूचे तुकडे चालकाच्या मानेवर आणि चेहऱ्यावर येतात. कित्येकदा अपघात इतका किरकोळ होता की त्यात कोणाला खरचटण्यापलीकडे काही झाले नसते. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर रिकॉलखाली आले आणि तिथले मृत्यू २५ हून अधिक आहेत. यांतले अनेक मृत्यू रिकॉल जाहीर झाल्यानंतरचे आहेत, म्हणजे गाडी रिकॉलमध्ये होती, भाग मोफत बदलून मिळणार होता, आणि तो बदललेला नव्हता.

या धाग्यात मला प्रामुख्याने हेच समजून घ्यायचे आहे की हे दोन्ही कालावधी लांबतात कशामुळे, आणि ते आखूड करण्याचे कोणते उपाय खरोखर लागू पडले आहेत. यंत्रशास्त्र, कायदा किंवा दुरुस्तीचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी अवश्य लिहावे.

यंत्रवेध

धागा महत्त्वाचा आहे. पहिल्या कालावधीबद्दल तांत्रिक बाजूने थोडे लिहितो.

गाडी बाजारात आणण्यापूर्वी एवढ्या चाचण्या होतात, मग दोष सुटतातच कसे, असे नेहमी विचारले जाते. त्याचे उत्तर बरेचसे संख्येत आहे. समजा, एखादा जोड एक लाख गाड्यांमागे एका गाडीत सदोष बसतो. कंपनीने पाचशे गाड्या अगदी कसून तपासल्या, तरी त्यांत ती एक गाडी सापडण्याची शक्यता अर्धा टक्का. त्याच प्रकारच्या वीस लाख गाड्या रस्त्यावर आल्या की सुमारे वीस कुटुंबे त्या दोषासह प्रवास करत असतात. म्हणून काही दोष कारखान्यात सापडणे जवळजवळ अशक्य असते, आणि ते शोधण्याचे खरे साधन म्हणजे रस्त्यावरून येणाऱ्या तक्रारी, वॉरंटीचे दावे आणि अपघातांचे अहवाल. हे साधन कंपनीच्या आत कसे वाचले जाते यावर पहिला कालावधी ठरतो. आपण दिलेल्या उदाहरणात माहिती होती, पण ती गैरसोयीच्या फायलीत पडून राहिली.

दुसरी अडचण वयाबरोबर प्रकट होणाऱ्या दोषांची. चाचणीत भागांवर उष्णता, कंप, मीठ यांचा मारा करून काही वर्षांचे आयुष्य काही आठवड्यांत बसवले जाते. परंतु प्रत्यक्ष हवामानात दहा वर्षे हळूहळू घडणारी प्रत्येक रासायनिक प्रक्रिया अशी घाईने घडवता येत नाही. टकाटाचे इन्फ्लेटर हे त्याचे ठळक उदाहरण, पण एकमेव नाही. फोर्डच्या अनेक गाड्यांमध्ये क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी यंत्रणा) बंद करणारा एक स्विच ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरला जोडलेला होता. त्याच्या एका बाजूला दाबाखालचे ब्रेक ऑइल, दुसऱ्या बाजूला विजेचे टोक, आणि मध्ये केवळ एक पातळ पापुद्रा. वर्षानुवर्षे ब्रेक दाबून तो पापुद्रा चिरत असे, तेल विजेच्या बाजूला झिरपे, गंज चढे आणि आग लागे. किल्ली काढलेली असतानाही त्या स्विचला वीज मिळत असल्यामुळे उभ्या गाड्या पेटल्या, त्याही घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये, रात्री. १९९९ पासून २००९ पर्यंत हे रिकॉल टप्प्याटप्प्याने वाढत गेले आणि एकूण १ कोटी ४० लाखांहून अधिक गाड्यांपर्यंत पोहोचले.

हे टप्प्याटप्प्याने वाढणे मला फार बोलके वाटते. मूळ कारण पुरते न समजता आधी थोड्या गाड्या बोलवायच्या, मग आणखी थोड्या, आणि दरम्यान त्याच भागाच्या उरलेल्या गाड्या रस्त्यावरच राहू द्यायच्या, असे अनेक रिकॉलमध्ये दिसते.

रस्तेवाट

तांत्रिक कारणे मान्य आहेत, पण पैशाचा मुद्दा राहून जाऊ नये. फोर्ड पिंटो या सत्तरच्या दशकातल्या छोट्या गाडीची इंधनाची टाकी मागून धडक बसली की पेट घेई; तिच्या बाबतीत कंपनीने माणसाच्या जिवाची किंमत २ लाख डॉलर धरली आणि गाडीमागे ११ डॉलरचा सुधारित भाग बसवण्यापेक्षा जळून मेलेल्यांना भरपाई देणे स्वस्त पडेल असा हिशेब करून टाकी तशीच ठेवली, असे सर्वत्र वाचायला मिळते. कंपनीचे हित जिथे उशीर करण्यात आहे, तिथे पहिला कालावधी लांबणारच.

मीमांसा

रस्तेवाट, आपल्या मुद्द्याचा गाभा मला पटतो, म्हणूनच त्याचा आधार पक्का असावा असे वाटते. तो ११ डॉलरचा हिशेब ज्यात आहे ते कंपनीचे टिपण खरे आहे, पण ते पिंटोच्या मागच्या टाकीविषयी नव्हते. १९७३ मधले ते टिपण गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीविषयीच्या प्रस्तावित नियमासंदर्भात होते आणि त्यातला हिशेब अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व कंपन्यांच्या मिळून १ कोटी २५ लाख मोटारी व हलक्या ट्रकांचा होता. एका बाजूला १३ कोटी ७० लाख डॉलर खर्च आणि दुसऱ्या बाजूला १८० मृत्यू, तेवढ्याच गंभीर भाजण्याच्या घटना व जळालेल्या गाड्या मिळून ४ कोटी ९५ लाख डॉलरचा लाभ, अशी ती मांडणी होती. माणसामागचा २ लाखांचा आकडाही मुळात सरकारी सुरक्षा संस्थेचा होता, आणि टिपण पाठवले होते त्याच संस्थेला.

यामुळे पिंटोचा दोष हलका होत नाही. टाकी मागच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) मागे होती, मागून धडक बसली की ती पुढे चेपून ॲक्सलच्या भागातल्या बोल्टांवर आदळे आणि इंधन भरण्याची नळी निसटे. १९७८ मध्ये पिंटो आणि तिची जुळी बहीण मर्क्युरी बॉबकॅट मिळून सुमारे १५ लाख गाड्या बोलावून टाकीला प्लॅस्टिकचे कवच आणि अधिक लांब नळी बसवण्यात आली. उपाय इतका साधा होता, यातच कंपनीच्या उशिरावरचा सर्वांत कठोर आरोप आहे.

टिपणाचा खुलासा करण्यामागे माझे कारण असे की, दुष्ट माणसाने थंडपणे हिशेब केला ही गोष्ट ऐकायला समाधानकारक असते, पण तिच्या आधारे आपण चुकीच्या जागी पहारा बसवतो. जनरल मोटर्सच्या प्रकरणात कोणी जिवांचा हिशेब मांडल्याचे आढळले नाही. तिथे समित्या होत्या, बैठका होत्या, आणि प्रत्येकाला वाटत होते की पुढचा विभाग पाहील. अशा दिरंगाईवर उपाय म्हणजे माहिती बाहेर जाण्याची सक्ती. अमेरिकेत सुरक्षेशी संबंधित दोष असल्याचे ठरवल्यापासून ५ कामकाजाच्या दिवसांत उत्पादकाने नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन या संस्थेला कळवावे लागते. कमकुवत जागा आहे ती ‘ठरवल्यापासून’ या अटीत, कारण ठरवणेच लांबवले तर घड्याळ सुरूच होत नाही.

अनुवीक्षक

मीमांसा, खुलाशाबद्दल आभार. माहिती बाहेर जाण्याच्या सक्तीवरून फायरस्टोन टायरांचे प्रकरण आठवले. फोर्ड एक्सप्लोररवर बसवलेल्या या टायरांचा बाहेरचा थर वेगात असताना सोलून निघत असे आणि उंच बांध्याची गाडी उलटत असे. २००० सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ६५ लाख टायरांचे रिकॉल जाहीर झाले, पण त्याच्या आधीच्या वर्षी फोर्डने सौदी अरेबियात ते टायर बदलून देण्यास सुरुवात केली होती. परदेशात चालवलेल्या अशा मोहिमेची माहिती अमेरिकी संस्थेला देण्याचे बंधन तेव्हाच्या कायद्यात नव्हते. अमेरिकेतल्या मृत्यूंची नोंद अखेर २७१ वर गेली. २००० मध्येच झालेल्या कायद्याने परदेशातील मोहिमाही कळवणे सक्तीचे केले, मृत्यू, जखमा व वॉरंटी दाव्यांची आकडेवारी ठराविक काळाने सादर करायला लावली, आणि टायरमधला हवेचा दाब कमी झाल्यास इशारा देणारी यंत्रणा नव्या गाड्यांत आणली. आज डॅशबोर्डवर टायरचे चिन्ह पेटते त्याच्या मागे हा इतिहास आहे.

साक्षेपी

मला दुसऱ्या कालावधीविषयी लिहायचे आहे, कारण तो मी स्वतः अनुभवला आहे. मी वापरलेली गाडी विकत घेतली होती. एअरबॅगच्या रिकॉलचे पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेले असणार. माझ्यापर्यंत ते कधीच आले नाही. विक्रेत्याने गाडीचे इंजिन, रंग, टायर यांविषयी सारे सांगितले, पण प्रलंबित रिकॉलचा शब्दही काढला नाही. मी सहज म्हणून चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला तेव्हा कळले की स्टेअरिंगमधला इन्फ्लेटर बदलायचा राहिला आहे. तोवर माझ्या घरची सारी माणसे त्या गाडीत बसून फिरत होती.

मला चीड येते ती याची की, वापरलेल्या गाडीच्या व्यवहारात ही माहिती देणे विक्रेत्याच्या भलेपणावर सोडलेले आहे. अमेरिकेतही संघराज्याचा कायदा नवी गाडी प्रलंबित रिकॉलसह विकू देत नाही, पण वापरलेल्या गाडीला तो नियम नाही. भाड्याच्या गाड्यांसाठी नियम झाला तो २००४ मध्ये दोन बहिणी रिकॉल झालेल्या पण दुरुस्त न केलेल्या भाड्याच्या गाडीत मृत्युमुखी पडल्यावर, त्यांच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला म्हणून, आणि तोही २०१५ मध्ये.

यंत्रवेध

साक्षेपी, आपला अनुभव अपवाद नाही. रिकॉलमधल्या साधारण एक तृतीयांश गाड्या दुरुस्तीविनाच राहतात, असे अमेरिकेतील आकडे अनेक वर्षे दाखवत आले आहेत. गाडी जितकी जुनी तितके दुरुस्तीचे प्रमाण घसरते, कारण तोवर ती तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे गेलेली असते, अधिकृत सर्व्हिस सेंटरशी तिचा संबंध तुटलेला असतो, आणि आजच्या मालकाचे नाव कंपनीच्या यादीत नसते. वयाबरोबर वाढणाऱ्या दोषांच्या बाबतीत हे फार क्रूर ठरते, कारण धोका सर्वाधिक असतो तेव्हाच गाडी सर्वांत दुर्लक्षित हातात असते. २००१ ते २००३ या काळातील होंडा आणि अॅक्युरा गाड्यांतले टकाटाचे काही इन्फ्लेटर प्रयोगशाळेतील चाचण्यांत ५० टक्क्यांपर्यंत फुटले. त्या गाड्यांचे वय आता पाहा.

मीमांसा

या टप्प्यावर कायद्यातील वयोमर्यादा पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेत मोफत दुरुस्तीचे बंधन पूर्वी १० वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी होते, ते २०१५ च्या कायद्याने १५ वर्षांवर नेले. भारतात १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली सक्तीच्या रिकॉलची तरतूद ७ वर्षांपर्यंतच्या वाहनांसाठी आहे. वर ज्यांची चर्चा झाली त्या इन्फ्लेटरांचा आणि क्रूझ कंट्रोलच्या स्विचांचा धोका साधारण ज्या वयात उफाळतो, ते वय ही मर्यादा संपल्यानंतर येते. झिजणारे भाग कंपनीने कायम बदलून द्यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण एअरबॅग, इंधनाची टाकी, सीटबेल्ट, स्टेअरिंगचे सांधे हे भाग मालकाने मुदतीने बदलायचे नसतातच. ते गाडीच्या आयुष्यभर टिकतील या भरवशावर ती विकलेली असते. त्यांना वयाची अट लावणे मला तर्काला धरून वाटत नाही.

आता अनुवीक्षकांच्या मूळ प्रश्नाकडे येतो : कोणते उपाय लागू पडले? माझ्या मते सर्वांत स्पष्ट उत्तर ऑस्ट्रेलियाने दिले. टकाटाचे ऐच्छिक रिकॉल तिथे वर्षानुवर्षे रखडले होते. २०१८ च्या फेब्रुवारीत सरकारने ते सक्तीचे केले आणि ३१ डिसेंबर २०२० ही मुदत घातली. ३० लाखांहून अधिक गाड्यांचा प्रश्न होता. प्रत्येक कंपनीला आपल्या गाड्या शोधून काढण्याची जबाबदारी दिली, वारंवार संपर्क करायला लावले, दारात जाऊन दुरुस्ती किंवा गाडी ओढून नेण्याची सोय करायला लावली, आणि दुरुस्ती टाळणाऱ्या मालकाच्या गाडीची नोंदणी रोखण्याचा मार्ग राज्यांनी वापरला. मुदत संपली तेव्हा ९९.९ टक्के एअरबॅग एकतर बदललेल्या होत्या किंवा त्यांचे पुढे काय झाले याचा हिशेब लागलेला होता. जपानने २०१८ च्या मे महिन्यापासून ठराविक धोकादायक इन्फ्लेटर न बदललेल्या गाडीला नियमित तपासणीत उत्तीर्ण करणेच थांबवले. दोन्हीकडे सूत्र एकच दिसते. गाडीला जी शासकीय पायरी ओलांडावीच लागते, त्या पायरीशी रिकॉल जोडले गेले. टपालाने पाठवलेल्या पत्राला हे सामर्थ्य नसते.

रस्तेवाट

यात मालकावर सक्ती करताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भाग तयारच नसतील तर मालक काय करणार? टकाटाच्या वेळी इतके इन्फ्लेटर बनवण्याची क्षमता कोणाकडेच नव्हती, म्हणून उष्ण आणि दमट प्रदेशांतल्या जुन्या गाड्यांना आधी आणि थंड प्रदेशांतल्या गाड्यांना नंतर, असा क्रम लावावा लागला. काही गाड्यांत तर तात्पुरता उपाय म्हणून त्याच प्रकारचा पण नवा इन्फ्लेटर बसवला, आणि तोही पुढे पुन्हा बदलायला बोलावले. ज्या मालकाने एकदा वेळ काढून दुरुस्ती करून घेतली, त्याला दुसऱ्यांदा बोलावल्यावर तो येईलच असे नाही.

अनुवीक्षक

बरोबर, आणि यातून तिसरा प्रश्न उभा राहतो जो मी मूळ लेखात मांडला नव्हता : रिकॉलमध्ये जो उपाय दिला जातो तो खरोखर उपाय असतो का?

याचे मला ठाऊक असलेले सर्वांत टोकाचे उदाहरण १९८० सालचे आहे. सत्तरच्या दशकातल्या फोर्ड गाड्यांचा स्वयंचलित गिअर ‘पार्क’मध्ये टाकल्यासारखा वाटे, पण पुरता बसलेला नसे, आणि इंजिन चालू ठेवून चालक खाली उतरला की गाडी आपोआप मागे जाई. अनेक माणसे आपल्याच गाडीखाली चिरडली गेली. सरकारशी झालेल्या तडजोडीत रिकॉल झालेच नाही. २ कोटींहून अधिक मालकांना डॅशबोर्डवर चिकटवण्यासाठी सूचनेची पट्टी टपालाने पाठवण्यात आली. यांत्रिक दोषाचा भार चालकाच्या स्मरणशक्तीवर टाकला गेला. हा निर्णय मला आजही अक्षम्य वाटतो.

अलीकडचे उदाहरण शेव्हरोले बोल्ट या विद्युत गाडीचे. बॅटरीतल्या काही सेलमध्ये एकाच वेळी दोन दोष होते, अॅनोडची (ऋण टोकाची) पट्टी फाटलेली आणि दोन टोकांना वेगळे ठेवणारा विभाजक पडदा दुमडलेला. दोन्ही एकत्र आले की आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन आग लागे. २०२० मधल्या पहिल्या रिकॉलमध्ये सॉफ्टवेअर बदलून चार्जिंगवर मर्यादा घालण्यात आली. ते करून घेतलेल्या गाड्यांनाही २०२१ मध्ये आगी लागल्या, आणि अखेर उत्पादन झालेल्या सर्व, सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या बोलावून बॅटरीचे सदोष भाग बदलणे भाग पडले.

यंत्रवेध

सॉफ्टवेअरचा विषय निघालाच आहे तर दोन्ही बाजू मांडायला हव्यात. गाडी जागच्या जागी, इंटरनेटवरून दुरुस्त होणार असेल तर दुसरा कालावधी काही दिवसांवर येतो, आणि हा लाभ मोठा आहे. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी मोबाइल नेटवर्कवरून चालत्या जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला, तेव्हा फियाट क्रायस्लरने १४ लाख गाड्यांचे रिकॉल केले. संगणकीय सुरक्षेच्या कारणाने झालेले ते पहिले मोठे रिकॉल. त्या वेळी मालकांना टपालाने यूएसबी पाठवावे लागले होते. आजच्या अनेक गाड्यांत तेच काम मालक झोपलेला असताना होऊन जाते.

परंतु सॉफ्टवेअर सोपे आहे म्हणून सॉफ्टवेअरचाच उपाय निवडला जाण्याचा मोह वाढतो. टेस्लाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील २० लाखांहून अधिक गाड्यांत ऑटोपायलट (चालकाला मदत करणारी अर्धस्वयंचलित यंत्रणा) वापरताना चालकाचे लक्ष रस्त्यावर राहावे म्हणून इशारे वाढवले. काही महिन्यांतच सुरक्षा संस्थेला तो उपाय पुरेसा आहे का याची स्वतंत्र चौकशी सुरू करावी लागली, कारण बदलानंतरही अपघात घडत होते. रिकॉल पूर्ण झाल्याची टक्केवारी १०० दिसली तरी दोष गेला की नाही हे तिच्यावरून कळत नाही. दुरुस्तीनंतरचे अपघात मोजणे हा रिकॉलचाच भाग मानला पाहिजे.

साक्षेपी

तज्ज्ञांना एक विचारायचे आहे. गाडी रिकॉलमध्ये आहे, पण भाग उपलब्ध व्हायला वेळ आहे असे सांगितले, तर मधल्या काळात ती चालवावी की नाही हे सामान्य मालकाने कसे ठरवावे? आणि दोष आपल्याच लक्षात आला तर कळवायचे कोणाला?

यंत्रवेध

सर्व रिकॉल एका पातळीचे नसतात, त्यामुळे आधी सूचनेतील धोक्याचे वर्णन पूर्ण वाचावे. सूचनेत गाडी चालवू नये असे स्पष्ट म्हटले असेल, तर ती एका फेरीसाठीही बाहेर काढू नये, आणि कंपनीकडे गाडी ओढून नेण्याची व पर्यायी वाहनाची लेखी मागणी करावी. गाडी इमारतीपासून दूर उघड्यावर उभी करावी असे म्हटले असेल, तर धोका आगीचा आहे आणि तो इंजिन बंद असतानाही आहे, हे समजून घ्यावे. अशी गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये ठेवणे म्हणजे शेजाऱ्यांचाही जीव धोक्यात घालणे. बोल्टच्या मालकांना उघड्यावर उभी करण्याबरोबरच चार्जिंग ९० टक्क्यांच्या वर आणि बॅटरीवर उरलेले अंतर सुमारे ७० मैलांच्या खाली जाऊ देऊ नये असे सांगितले होते. इग्निशन स्विचच्या प्रकरणात भाग मिळेपर्यंत जुडगा काढून एकटी किल्ली वापरावी, अशी सूचना होती. हे तात्पुरते उपाय काटेकोर पाळावेत. चालकाशेजारच्या सीटचा इन्फ्लेटर सदोष असेल तर त्या सीटवर कोणालाही बसवू नये. एअरबॅग स्वतः काढण्याचा किंवा अनधिकृत ठिकाणी बदलून घेण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये. तो स्फोटक पदार्थ हाताळण्याचा प्रकार आहे.

मीमांसा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. तक्रार कंपनीकडे करावीच, पण तेवढ्यावर थांबू नये. वाहन सुरक्षेची जी शासकीय यंत्रणा असेल तिच्याकडेही ती नोंदवावी, कारण चौकशी उघडण्याचा निर्णय अशा नोंदींच्या संख्येवर आणि साम्यावर होतो. तक्रारीत ‘गाडी बरोबर चालत नाही’ एवढेच लिहिले तर ती उपयोगाची ठरत नाही. चासी क्रमांक, त्या वेळचा वेग, किती किलोमीटर चाललेली गाडी, कोणता इशाऱ्याचा दिवा लागला, ब्रेक किंवा स्टेअरिंग कसे वागले, हवामान कसे होते, हे सर्व घटना ताजी असताना लिहून ठेवावे. सर्व्हिस सेंटरने दोष आढळला नाही असे सांगितले, तरी गाडी त्याच कारणासाठी आणली होती हे जॉब कार्डवर लिहून घ्यावे आणि त्याची प्रत जपावी. बदलून काढलेला भाग शक्य असेल तर परत मागून घ्यावा. इग्निशन स्विचमधला फरक सिद्ध झाला तो जुना भाग फेकला गेलेला नव्हता म्हणूनच.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी चासी क्रमांक व्यवहारापूर्वी तपासावा, आणि नंतरही वर्षातून दोनदा तरी पुन्हा तपासावा, कारण रिकॉल गाडी विकत घेतल्यानंतर कधीही निघू शकते. गाडी विकत घेतल्यावर कंपनीकडे आपले नाव, पत्ता आणि फोन क्रमांक मालक म्हणून नोंदवून घ्यावा. साक्षेपींकडे जे पत्र आले नाही, ते या एका नोंदीने आले असते.